खालून आठवी

थोरलीनं यादीवर बोट ठेवून खालून मोजलं. एक, दोन, तीन... आठ. आठवं नाव तिचं. पुन्हा मोजलं, तरी आठवंच. आणि तिच्या डोक्यावर, नववं, धाकट्या जावेचं.

छत्र्यांच्या कारखान्यातल्या आठ बायका कमी होणार होत्या. जी शेवटी लागली ती आधी जाणार, असा कायदा. म्हणून कामावर लागल्याच्या क्रमानं नावं लावली होती. कुणाची हरकत असेल तर सात दिवसांत सांगावी, असंही खाली लिहिलं होतं. थोरलीनं सात मिनिटंसुद्धा घेतली नाहीत. तशीच तरातरा ऑफिसात शिरली.

"आम्ही दोघी एकाच दिवशी लागलो," ती हेडक्लार्कना म्हणाली. "घर एक, तारीख एक. मग ही वर आणि मी खाली कशी?"

"तारीख एकच असली की मुळाक्षरांप्रमाणे टाइप होतं, बाई. आपोआप येतं ते."

"आपोआप? बटण दाबलं की छत्री उघडते, तसं?"

हेडक्लार्कनी चष्मा वर सरकवला. हरकत घेतली म्हणजे दुसरीलाही समोर बोलवायला हवं. शिपाई जाऊन धाकटीला घेऊन आला. काड्यांना कापड टाचता टाचता ती उठून आली होती. केसांत दोऱ्याचे तुकडे अडकले होते आणि तरीही बया चांगलीच दिसत होती.

एकवीस वर्षं हेच. नमुन्याची नवी छत्री आली की सुपरवायझर ती धाकटीच्या टेबलावर ठेवायचा. घरी सासूबाई औषधाची वेळ हिला विचारायच्या. थोरलीची स्वतःच्या पोटची मुलगी वेणी घालून घ्यायला काकूकडे पळायची. आणि आता नोकरीही हिचीच राहणार, अन् थोरलीनं रोज सकाळी हिचा डबा भरून द्यायचा!

"कागदच बघू," म्हणत हेडक्लार्कनी कपाटातून जुनं रजिस्टर काढलं. त्या काळी नव्या बाईनं फाटकातून आत आल्याबरोबर आपलं नाव आपल्या हातानं त्यात लिहायचं, अशी तिथली रीत होती. जिचं नाव वर, ती आधी लागली.

पान सापडलं. शाई फिकी झाली होती, पण नावं स्वच्छ वाचता येत होती. आधी थोरलीचं. त्याखाली धाकटीचं.

"तुमचं बरोबर आहे," हेडक्लार्क म्हणाले. "तुम्ही वर. या खाली."

थोरलीच्या छातीत गार वाटलं. तिनं वळून धाकटीकडे बघितलं, अगदी डोळे भरून बघितलं. धाकटीचा चेहरा उतरला होता. पण त्यावर नवल नव्हतं. जणू त्या पानावर काय आहे, ते तिला ठाऊक होतं.

म्हणून थोरलीनं पुन्हा पान पाहिलं. दोन्ही नावं गोल गोल, एक दुसऱ्याइतकंच नेटकं. स्वतःचं नाव तिनं जन्मात इतकं सरळ लिहिलं नव्हतं.

आणि तिला तो दिवस आठवला. नोकरी धाकटीनंच बघून दिलेली. हिच्या मागोमाग आत जायचं नाही, म्हणून थोरली अर्धा तास कोपऱ्यावरच्या नळाजवळ उभी राहिली होती. मग एकटीच आत आली, तेव्हा धाकटी म्हणाली होती, "तुमचं नाव लिहिलंय मी, बसा कामाला."

"हे अक्षर तुमचंच ना?" हेडक्लार्कनी पेनाचं टोपण काढलं. "हो म्हणा, की यादी दुरुस्त करतो."

"त्यांचंच आहे," धाकटी घाईनं म्हणाली.

थोरलीनं तोंड उघडलं. एक 'हो' म्हणायचं होतं. पण एकदा 'हो' म्हटलं, की पुढची सगळी वर्षं हिनं दिलेल्या जागेवर बसायचं. ही घरी राहील, कुणाला काही सांगणार नाही, आणि न सांगताच सगळ्यांत चांगली ठरेल.

"माझं नाही," ती म्हणाली. "हिचं आहे. मी त्या दिवशी अर्धा तास उशिरा आले होते."

"अहो जाऊबाई!" धाकटीचा आवाज चढला. "गप्प बसायला काय झालं होतं तुम्हाला? मी कधी काही परत मागितलं होतं का?"

"तेच तर! एकदा तरी मागायचं होतंस."

हेडक्लार्कनी टोपण पुन्हा पेनाला लावलं.

"मग यादी आहे तशीच राहील."

थोरली वळली आणि दाराकडे निघाली. धाकटी तिच्यामागून निघाली, पण दोन पावलं राखून.

"थांबा, बाई," हेडक्लार्क म्हणाले. "तुम्हाला पत्र महिनाभर आधी मिळेल, कारण लिहून. आणि पुन्हा बायका घ्यायच्या झाल्या, तर बाहेरच्या कुणाला घेण्याआधी तुम्हा आठजणींना विचारावं लागतं. तोही कायदाच आहे. त्यातही जी जास्त जुनी, तिला आधी. म्हणजे आठांत तुमचं नाव पहिलं."

थोरली दारात थांबली.

"पहिलं?"

"पहिलं."

"जरा मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "हिला ऐकू आलं नाही."