हिनोकीचं रोप

किल्ल्यांसाठी राखलेलं हिनोकीचं झाड तोडलं, तर तोडणाऱ्याची मान उडवायची, असा जपानातल्या त्या डोंगरात सरदाराचा हुकूम होता. म्हाताऱ्या ओत्सुनेच्या भिंतीलगत हिनोकीचंच वीतभर रोप आपोआप उगवलं.

शेजारीण म्हणाली, "वेडी का तू? उपट आणि घाल चुलीत. कोण बघतंय?"

"नको गं बाई. याच झाडापायी माझा नवरा गेला," असं म्हणत ओत्सुने चौकीवर जाऊन खरं काय ते सांगून आली.

दुसऱ्याच दिवशी जंगलाचा कारभारी आला. त्याने राखीव झाडाची खूण म्हणून रोपाभोवती गवताची दोरी बांधली आणि तिच्या प्रामाणिकपणाचं तोंडभरून कौतुक केलं.

 

मग छपराकडे बघत म्हणाला, "आजी, रोपावर सावली पडतेय. बर्फ पडायच्या आत हे घर पाडून टाका."