समेवरची नजर

गाता गाता प्रतिक्षाने मान हलवली, त्याच क्षणी तबल्यावरच्या शिवशंकरनेही हलवली, दोघं एकमेकांकडे बघून हसले आणि शितलच्या हातातला चहा बशीत सांडला.

आज तिला राहवलं नाही. "तुमी दोघं मधीच एकमेकाकडं बघून काहून हासून राहिले?"

हा शिवशंकर तिचा नवरा, कुरुंद्यात हळद पिकवणारा, घरात धड चार शब्द बोलायचा नाही. पण ही प्रतिक्षा, शाळेतली संगीताची बाई, परीक्षेचा रियाज करायला आली, की हळदीच्या पोत्यांमध्ये सतरंजी अंथरून नुसता खुलायचा. महिनाभर शितलचा जळफळाट चालला होता.

"वहिनी, ती सम असते," प्रतिक्षा म्हणाली.

"ये, बस अशी," शिवशंकर म्हणाला. "तीनतालाच्या सोळा मात्रा. पयली मात्रा म्हंजे सम. गाणारा कुटंबी फिरून येवो, तितं दोघांनी भेटायचं. बराबर भेटलो का न्हाई, ते बघावंच लागते."

त्याने तिचा हात धरून मात्रा मोजायला शिकवलं. पहिल्या, पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी. नववीला टाळी नाही, हात नुसता हवेत बाजूला टाकायचा. तिला म्हणतात 'खाली'.

लग्न झाल्यापासून त्याने इतका वेळ तिचा हात धरला नव्हता. शितल विरघळली. एवढंच होतं तर! आपण उगाच त्या पोरीच्या नावाने बोटं मोडत बसलो, असं वाटून तिला स्वतःचीच लाज वाटली.

गाणं पुन्हा सुरू झालं. शितल उंबऱ्यात बसून मांडीवर टाळ्या देऊ लागली. सोळा मात्रा संपल्या, पहिली आली आणि खरंच, दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. तिलाही हसू फुटलं. पुन्हा पहिली आली, पुन्हा तसंच. तिचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या फेरीत पाचवीची टाळी देऊन ती नववीवर आली. हात बाजूला टाकता टाकता तिने वर पाहिलं. शिवशंकर प्रतिक्षाकडे बघत होता. प्रतिक्षाही त्याच्याकडे बघत होती. या वेळी मान कुणी हलवली नाही, हसलंही कुणी नाही.

शितलचा हात हवेतच राहिला.

"अवो," ती म्हणाली, "सम आजून आठ मात्रा लांब हाय."