काळ्या केसांचा तुकडा

कातडीवरचे काळे केस दाखवूनच इनास खाटकाने तुकडा कागदात बांधला. डुक्कर गावठी असल्याची आमच्या वसईत हीच खूण. "बाय, तीन रविवार दारात बसलात म्हणून कापलं," तो कुरकुरला.

बसणारच. आईने महिनाभर पेजेशिवाय काही गिळलं नव्हतं आणि डॉक्टर म्हणाले होते, अंगात ताकद आली तरच पुढचं औषध झेपेल. फार्मच्या पांढऱ्या डुकराचं मटण मी दोनदा शिजवलं, तर म्हणाली, "हे डुक्कर हॉस्टेलात वाढलंय." बोलायला जोर होता, खायला नव्हता.

या वेळी बाटलीतला मसाला आणि शिरका घालून चरबी सुटेपर्यंत मंद आचेवर ठेवलं. आईने भाताबरोबर चार तुकडे खाल्ले, बोटंही चाटली. मला वाटलं, आता ही तरली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच इनासकडे गेले. तो मागच्या रिकाम्या कुंपणाच्या काठ्या उपटत होता.

"दर रविवारी दोन किलो लागेल," मी म्हटलं.

"कुठून देऊ? वीण वाढवायला ठेवलेली तीच एक मादी होती. आता आख्ख्या पट्ट्यात काळं डुक्कर नाही."

"मग कापलीस कशाला?"

"आईसाठी मागत होतात, बाय. नाही कसं म्हणू?"

त्याने न मागता फार्मचं किलोभर बांधून दिलं. घरी आले तर आई कितीतरी दिवसांनी आपणहून उठून टेबलाशी बसली होती.

"कालच्यासारखंच कर," म्हणाली. "भूक लागलीय."