ठेवीची पेटी

त्या बाईंचं पत्र येऊन वर्ष झालं होतं आणि भांडारपालानं त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं.

पत्र ऑफिसातल्या टेबलाच्या खणात होतं. त्याला ते तोंडपाठ होतं. "तुमच्या तोफांनी आमचं बियाणं-भांडार जाळलं. तुमची पेटी मात्र मी पाठीवर घेऊन सीमा ओलांडली. ती आमची नव्हती ना, ठेव होती. आमची पेटी तेवढी तुमच्याकडे उरली आहे. ती या पत्त्यावर पाठवा, मी तुमची पाठवते."

बाई शेजारच्या, आता शत्रू झालेल्या देशाच्या भांडारपाल. पत्ता मात्र तिसऱ्याच देशातला होता.

लढाईपूर्वीची ही साधी रीत. आपल्या गव्हाच्या सातशे वाणांचं मूठ-मूठ बी शेजारच्या देशात ठेवायचं, त्यांचं आपण सांभाळायचं. एकाकडचं जळालं, तर दुसऱ्याकडे शिल्लक. दुसऱ्याची पेटी उघडायची नाही, एवढाच नियम.

उत्तर का दिलं नाही, असं कुणी विचारलं असतं, तर शत्रूशी पत्रव्यवहार म्हणजे तुरुंग, असं त्यानं सांगितलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"चार ओळींना वर्ष लागतं का हो?" बायको म्हणायची. "लग्नाला होकार कळवायला आठ महिने लावलेत, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं."

"मजकूर जमत नव्हता."

"'हो' एवढाच तर होता मजकूर!"

यंदा मात्र तिची थट्टा आटली. गव्हावर तांबेरा पडला. आपण जिंकलेल्या मुलखात आणि आपल्याकडेही शेतंच्या शेतं गंजून गेली. आठवड्यातून तीनच दिवस पाव मिळू लागला. मुलगा आघाडीवर, सून आणि दोन वर्षांचा नातू इथं घरी. नातू आता चालायचा थांबला होता. भिंतीला टेकून नुसता बसून राहायचा.

मग एक दिवस शेतकी खात्याचा साहेब भांडारात आला. दोनच महिन्यांपूर्वी बदलून आलेला, तरतरीत माणूस. भांडारात भांडारपाल एकटाच उरला होता. बाकी सगळे लढाईवर.

"तांबेऱ्याला दाद न देणारे वाण होते म्हणे आपल्याकडे?"

"होते. तीन."

"मग पेरा की, आजोबा! मुहूर्त बघताय?"

भांडारपालानं एक ताटली पुढे केली. ओल्या टीपकागदावर शंभर दाणे ओळीनं मांडले होते. आठवडा उलटला, तरी एकालाही कोंब नव्हता. शीतगृहाची वीज लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात दारूगोळ्याच्या कारखान्याला दिली होती.

"म्हणजे सगळं मेलं?"

"इथलं मेलं."

"इथलं?"

त्यानं खणातून पत्र काढून दिलं. साहेबानं ते आधी उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं.

"अहो, देश उपाशी मरतोय आणि तुम्ही हे दाबून बसलात? तुरुंगात घालायला हवं तुम्हाला! आधी उत्तर लिहा, तुरुंगाचं मागाहून बघू. तिची पेटी कुठंय?"

"वरच्या फळीवर."

साहेबानं मान वर केली. पत्र्याची पेटी, तिच्यावर त्या देशाचं चिन्ह. "काढा. उघडून बघू."

"दुसऱ्याची पेटी उघडायची नसते, साहेब."

साहेब हसला. "तुम्ही जुनी माणसं! बरं, राहू दे. लिहा. तुमची पेटी सुखरूप आहे. आमची मिळताच लगोलग रवाना करू."

"करायची ना, साहेब?"

"आधी आपली हातात तर पडू द्या."

भांडारपालानं वळणदार अक्षरात सगळं उतरवून घेतलं. साहेबानं सही केली, शिक्का मारला आणि आजच टाका, असं बजावून तो गेला.

पत्र खिशात घालून भांडारपाल आधी घरी गेला.

"लिहिलंत?" बायकोनं विचारलं.

"लिहिलं."

"येईल पेटी?"

"हे पत्र गेलं तर येईल. बाई शब्दाच्या पक्क्या आहेत."

"मग उभे काय राहिलात?" तिनं नातवाला कडेवर घेतलं. त्याची मान तिच्या खांद्यावर कलंडली. "जा ना."

पोस्टात गर्दी नव्हती. भांडारपालानं साहेबाचं पत्र काढलं, एकदा वाचलं, फाडलं आणि तुकडे टोपलीत टाकले. मग खिडकीशी उभ्यानंच दुसरं लिहिलं, पाकीट चिकटवलं आणि हात मागे यायच्या आत टपालपेटीत सोडलं.

त्यात एवढंच होतं: "बाई, तुमची पेटी रिकामी आहे. तुमचं शहर पडलं त्या दिवशी आम्ही ती उघडली, गहू दळला आणि विजयाचा पाव म्हणून सगळ्या ऑफिसात वाटला. मी दोनदा मागून घेतला."