मिर्दासची चोख शिवी

"बोल रे मिर्दास, काहीतरी बोल," अज्लान म्हातारा तिसऱ्यांदा म्हणाला.

त्याचा पाच वर्षांचा नातू खजूर चघळत नुवैराच्या झग्याआड उभा. नुवैरा म्हणजे मिर्दासची दूधआई, तायफकडच्या उजाड माळावरची. आजच सकाळी ती त्याला परत द्यायला मक्केत आली होती.

अंगणात भावकीतले नऊ म्हातारे चटईवर बसून कान टवकारून होते. हत्तीच्या साली, म्हणजे हत्ती घेऊन फौज मक्केवर चालून आली त्या वर्षी, जन्मलेली मक्केची पोरं त्या आठवड्यात एकेक करून घरी येत होती. शहरात नाना देशांचे तांडे उतरतात, बोलीत भेसळ होते. म्हणून तान्हं पोर माळावरच्या बाईकडं द्यायचं. तिथं त्यानं दूध प्यायचं, वारा खायचा आणि जीभ चोख करून यायचं. शेजारच्या वह्बचा नातू काल आला आणि आल्या आल्या आठ ओळी कविता म्हणून मोकळा झाला. तेव्हापासून वह्ब गल्लीतून छाती काढून फिरत होता.

नुवैराचं दुखणं निराळंच होतं. पोरगं नीट बोललं की इथंच राहणार, आणि ती रिकाम्या मांडीनं परत जाणार. म्हणून वाटेत तीन दिवस तिनं त्याला एकच गोष्ट पढवली. आजा बोल म्हणाला, की अडून बसलेल्या उंटाला बोलतोस ते बोलायचं. असलं पोर कोण ठेवून घेईल? "ने बाई हे परत," म्हणतील, झालं!

दारात पोराची खरी आई रैता उभी होती. तिचा नवरा तांड्याबरोबर उत्तरेला शाम देशाच्या बाजाराला गेलेला. मघाशी ती धावत पुढं आली, तर मिर्दासनं बाजूला होऊन तिला जागा करून दिली. "बसा बाई, दमला असाल," म्हणाला. ती हसली. मग कितीतरी वेळ ओढणीचं टोक दातात धरून उभी राहिली.

मिर्दासनं खजुराची बी थुंकली.

"ऊठ की मुडद्या!" तो आज्याकडं बघून गरजला. "दाढी हाय का शेळीनं चघळून टाकलेलं गवत? तुझ्या कुबडाला खरूज होवो! तुझ्या बापानं कधी ओझं उचललं न्हाई, तू काय उचलणार! ऊठ!"

भिंतीपलीकडं बसलेला नुवैराचा उंट उठून उभा राहिला. चटईवरचे दोन म्हातारेही उठले.

नुवैरानं मान खाली घातली आणि मनातल्या मनात उंटावर पोराची गादी टाकली.

अज्लानच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"खरूज ऐकलीत?" तो म्हणाला. "कशी थेट पोटातून आली! माझा बाप अस्साच बोलायचा. चाळीस वर्षांत अशी चोख शिवी मक्केत कुणी दिली नाही!"

"पुन्हा म्हण की रे राजा, ते कुबडाचं," एक म्हातारा लाडीगोडी लावायला लागला.

चटईच्या कडेला बसलेल्या वह्बचं तोंड उतरलं. "आमच्याला मेल्याला नुसत्या कविताच येतात," तो पुटपुटला.

अज्लाननं नुवैराला मानानं सावलीत बसवलं. पुढ्यात भाकरी आणि मटणाचा रस्सा ठेवला. "सोनं केलंस बाई पोराचं. आता तो इथंच राहील. तू पोटभर जेव आणि सुखानं जा."

नुवैरानं भाकरी मोडली, पण घास काही तोंडात जाईना. रैता पोराला अंघोळीला म्हणून आत घेऊन गेली. नुवैरा त्या बंद दाराकडं बघत बसली. सावली दोन हात सरकली तरी दोघं बाहेर येईनात.

शेवटी मिर्दास आला. धुतलेला, केसांना तेल, अंगात नवा अंगरखा.

"हां, घाल आता शिवी," वह्ब सरसावून म्हणाला. "या खेपेला मला घाल."

मिर्दासनं मान वाकडी केली, ओठ पुढं काढले.

"नक्को नाऽऽ आजोबाऽऽ," तो नाकातून, अत्तरवाल्यासारखा शब्द घोळवत म्हणाला. "मला बाई कंऽऽटाळा आलाय."

अज्लाननं छातीवर हात ठेवला. "एका अंघोळीत?"

"मक्केचं पाणी, दुसरं काय," वह्ब अगदी मायेनं म्हणाला. "का तुमच्याच घरचं?"

म्हातारा ताडकन उठला. "नुवैरा, उंट काढ! अजून दोन वर्षं ठेव त्याला! आणि सूनबाई, तुझ्याच जिभेची लागण झाली पोराला. तूही जा. जीभ घासून पुसून आणल्याबिगर या दारात उभी राहू नकोस!"

ओढणीत तोंड खुपसून, खांदे हलवत रैता उंटावर चढली. नुवैराला पोर मिळाल्याचा आनंदही धड करता येईना. शेवटचं घर मागं पडलं.

"रडू नका बाई," नुवैरा हळूच म्हणाली. "माझ्यापायी तुमचं घर सुटलं."

रैतानं ओढणी बाजूला केली. हसून हसून तिचं तोंड लाल झालं होतं.

"एवढं एक 'नक्को ना' शिकवायला अर्धी दुपार गेली माझी," ती म्हणाली. "उंटासारखं अडून बसलं होतं कार्टं! पोराची बोली बिघडली की सासरा माझ्याच जिभेवर खापर फोडणार, हे ठाऊक होतं मला. अजून मला बाईच म्हणतोय, पण दोन वर्षं आहेत आता. सरक जरा पुढं. आणि ती खरजेची शिवी मलापण शिकव, परत आल्यावर सासऱ्याला ऐकवायचीय."