आमची माणसं

सकाळी अपूर्वने पडवीत अंथरलेली सतरंजी उमाने दुपारी गुंडाळून ठेवली.

"राहू दे ना वहिनी. आमची माणसं यायचीत गणपती बघायला."

"कोण आमची माणसं?"

"नर्सरीतली."

उमाला हसू आलं. दीर कलमांच्या नर्सरीत रोपांसाठी मातीच्या पिशव्या भरतो, एवढंच तिला ठाऊक. जन्मापासून समज थोडी. चाळिशीला टेकला, तरी शर्टाची बटणं अजून वर-खाली लावतो. काही विचारलं तर उत्तर देतो, पण ते कधीकधी दुसऱ्या दिवशी. असल्या माणसाने कुणाला घरी बोलवावं आणि कुणी खरंच यावं, हे तिच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. शिवाय आज नवऱ्याच्या, चिंतामणीच्या कॉलेजातली मंडळी यायची होती, प्राचार्यांसकट.

"भावजी, पाहुणे यायचेत," ती म्हणाली.

एवढं पुरे होतं. पाहुणे आले की अपूर्वने कोठीच्या खोलीत जायचं, आतून कडी घालायची आणि वहिनी सांगेपर्यंत गप्प बसायचं, हा या घरचा रिवाज. त्याला कुणी कधी रागावून कोंडलं नव्हतं. सासूबाई होत्या तेव्हापासून असंच चालत आलेलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं चिंतामणी म्हणायचा आणि उमाला ते पटायचं.

प्राचार्य आले, मखराचं कौतुक झालं, मोदक खाऊन मंडळी गेली. उमाने कोठीच्या दारावर टिचकी मारली. "या हो, गेले पाहुणे." अपूर्व बाहेर आला. त्याच्या वाट्याचे मोदक घेऊन मागीलदारी पायरीवर बसला आणि सावकाश खात राहिला.

पुढचं फाटक वाजलं, तसा चिंतामणी बाहेर गेला. अंगणाच्या दगडी गडग्यापलीकडे माणसं उभी होती. बायका ठेवणीतल्या साड्या नेसलेल्या, पुढच्या बाईच्या हातात नारळ. त्यातल्या एकाला त्याने नर्सरीच्या टेम्पोत पाहिलं होतं.

"काय केलंन् त्याने?" फाटक न उघडताच त्याने विचारलं. "काही मोडलंन् का? कुणाला काही बोललान्? हे बघा, त्याला कळत नाही. मी उद्या येऊन मालकांशी बोलतो. आज सणाचा दिवस आहे, दारात तमाशा नको."

बाई गोंधळली. तिने मागे वळून बाकीच्यांकडे पाहिलं.

"काय नाय केलान वो. आमाला गणपतीला बोलवलान त्यानं. मी सखू. मी नि अपूर्वा एकाच ढिगावर बसताव माती भरायला."

"पाऊस लागल्यापासून एकच घोशा लावलान," मागून एक जण म्हणाला. "आमचा गणपती बघायला या, बघायला या. आता माझ्या पोरीच्या बारशाला अपूर्वदादा आमच्याकडं येऊन पाळणा हलवून गेला. मग आमी नाय यायचं व्हय?"

"विठू, पुरे," सखू त्याला म्हणाली. मग चिंतामणीकडे वळून, जरा बिचकत, "घरात माणसं असतील तर आमी हितूनच हात जोडून जाताव."

बारशाचं चिंतामणीला कुणी सांगितलं नव्हतं. खरं म्हणजे त्याने कधी विचारलंच नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घाईघाईने फाटक उघडलं. "या, या. आत या ना. असं बाहेर काय उभं राहायचं!"

उमाने दारातून सगळं ऐकलं होतं. तिने तीच सतरंजी पुन्हा आणली आणि पुन्हा तिथेच अंथरली. सखू तिच्याकडे बघून हसली, पण उमाला मान वर करवेना. पाणी आणते म्हणून ती आत पळाली.

"अपूर्वा कुठाय आमचा?" सखूने विचारलं. "त्यानं टाळ धरल्याबिगर आमी आरती नाय म्हणायचो. आज त्याचा मान."

चिंतामणीला काय करू आणि काय नको असं झालं. इतक्या वर्षांचं सगळं त्याला एका हाकेत भरून काढायचं होतं. प्राचार्यांचं स्वागत केलं होतं तसाच मोठा, आनंदी आवाज काढून तो घराकडे तोंड करून ओरडला, "अपूर्व! अरे, पाहुणे आलेत!"

उमा पाण्याचे पेले घेऊन माजघरात पोचली होती. मागीलदारातून अपूर्व लगबगीने आत आला. खाली मान, हात ओले, हनुवटीला मोदकाचं सारण. तिच्या अंगावरून पुढे गेला.

"भावजी, अहो, तसं नाही..."

तोवर कोठीची कडी आतून लागली होती.

कोठी पडवीच्या भिंतीला लागूनच. कडीचा आवाज सगळ्यांना ऐकू गेला. विठू खाली सतरंजीकडे बघत राहिला. सखूच्या हातातला नारळ तसाच होता. तिने चिंतामणीकडे पाहिलं, मग उघड्या दारातून त्या बंद दाराकडे.

उमाने टिचकी मारली. एकदा मारली, पुन्हा मारली.

आतून अपूर्व बोलला. पाहुण्यांना ऐकू जाऊ नये म्हणून अगदी हळू बोलला, तरी पडवीपर्यंत ऐकू आलं.

"वहिनी, ह्यांना लवकर जाऊ दे हां. आमची माणसं यायचीत."