शेवटची तपासणी

अफूच्या गुन्ह्यात कोर्टाने वर्षभराच्या हमीवर सोडलेल्या भानुदासची आज शेवटची लघवी-तपासणी होती. त्या आनंदात त्याच्या बायकोने, सुगंधाने, घरचे अनारसे आणून देखरेख अधिकारी कुलथेसाहेबांपुढे ठेवले.

"अफू निघाली," तिसरा अनारसा चावत साहेब म्हणाले. "आता तुरुंगच."

भानुदास पुढे सरसावला. वर्षभर त्याने अफूचा वाससुद्धा घेतला नव्हता. "पोराची शपथ, साहेब."

सुगंधाने मान फिरवली. असल्या शपथा तिने पोतंभर ऐकल्या होत्या.

"मग काय, हवेतून आली? कालपासून खाल्लंस काय?"

"हेच. हिने केलेले. दहा-बारा झाले असतील."

साहेबांचं चावणं थांबलं. अनारशाच्या पाठीवर खसखस दाट चिकटली होती, अफूच्याच बोंडातली.

"डबा झाका, वहिनी," ते म्हणाले. "फेरतपासणी लिहितो. त्याची, आणि आता माझीही."

सुगंधाने हळूच नवऱ्याकडे पाहिलं.